एपी केमिस्ट्रीच्या समर इन्स्टिट्यूटला जाताय? आधी काय, मग काय, आणि लोक कुठे चुकतात

इथे अमेरिकेत हायस्कूलला केमिस्ट्री शिकवणाऱ्या आपल्या लोकांचा दर वसंतात एक प्रश्न ठरलेला असतो, की प्रिन्सिपलनी पुढच्या वर्षीचा एपीचा (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा कोर्स) वर्ग गळ्यात घातलाय, समर इन्स्टिट्यूटला (एपी शिकवणाऱ्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाला) नाव घालतेय, तर तिथे काय घेऊन जाऊ. आणि ऑगस्टमध्ये त्याच लोकांचा दुसरा प्रश्न येतो, की चार दिवस बसून आले, ड्राइव्हमध्ये ढीगभर फाइली आल्या, पण पहिल्या सोमवारी वर्गात काय करायचं ते अजून ठरत नाहीये. दुसरा प्रश्न येऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी एक समजून घ्या. ही इन्स्टिट्यूट केमिस्ट्री शिकवायला नसते. तुमचं एमएस्सी झालंय, इक्विलिब्रियम तुम्हाला येतं, ते तिथे कोणी शिकवणार नाही. तिथे शिकायच्या तीन गोष्टी असतात: पेपर कसा तपासतात, लॅब कशा बसवायच्या, आणि वर्षाचं वेळापत्रक कसं आखायचं. या तिन्हींची तयारी घरून करून गेलात तरच चार दिवस कामी येतात.

१. कुठली इन्स्टिट्यूट निवडायची

साधारण ३० तासांचा कार्यक्रम असतो, बहुतेक ठिकाणी चार दिवसांत उरकतात, जून-जुलैमध्ये, कुठल्यातरी कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीत. ऑनलाइनही मिळते. शिकवणारे कॉलेज बोर्डाने (एपीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवणारी संस्था) मान्य केलेले कन्सल्टंट असतात, आणि ते बहुतेक स्वतः एपी शिकवलेले शिक्षक असतात.

पहिल्यांदा शिकवणार असाल तर प्रत्यक्ष जाऊन करा. ऑनलाइनमध्ये पेपर तपासणं चांगलं शिकता येतं, कॅलेंडरचंही काम होतं, पण लॅब हातानी करायला मिळत नाही आणि नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ लॅबमध्येच होतो. दोन-तीन वर्षं शिकवून झाली असतील तर ऑनलाइन खुशाल करा.

पैशाचं काम हिवाळ्यातच सुरू करा. फी प्रत्येक ठिकाणी वेगळी, आणि राहणं, जेवण, पार्किंग त्यात धरलंय का हे आधी वाचा. बहुतेक डिस्ट्रिक्टकडे (शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी टायटल टू चा, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी असतो, त्यातून फी भागू शकते, पण त्यासाठी परचेस ऑर्डर काढावी लागते आणि ती मे महिन्यात मागितली की ऑफिसवाले हात वर करतात. कॉलेज बोर्डाच्या शिष्यवृत्त्याही असतात, त्यांचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी बंद होतात, म्हणून जानेवारीतच बघून ठेवा.

सावधान: कॉलेज बोर्ड ही इन्स्टिट्यूट सक्तीची करत नाही, पण तुमचा डिस्ट्रिक्ट करू शकतो. शिवाय लायसन्स रिन्यू करायला हे तास धरतात का, आणि युनिव्हर्सिटीचं ग्रॅज्युएट क्रेडिट हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे दोन्ही लेखी विचारून घ्या. तोंडी 'हो हो होईल' वर जाऊ नका.

२. जायच्या आधीचे तीन आठवडे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. आणि क्रमसुद्धा महत्त्वाचा आहे, पुढची पायरी आधीच्यावर उभी आहे.

पहिलं काम, कोर्स अँड एक्झाम डिस्क्रिप्शन (कॉलेज बोर्डाचा अधिकृत अभ्यासक्रम) डाउनलोड करा आणि प्रिंट काढा, हो, प्रिंट. स्क्रीनवर वाचलं की काय अभ्यासक्रमात आहे तेवढंच दिसतं, काय नाही ते निसटून जातं, आणि आपल्यासाठी तेच जास्त महत्त्वाचं. बारावी बोर्ड आणि बीएस्सीतून आलेल्या माणसाचा हात आपोआप मॉलिक्युलर ऑर्बिटल थिअरी, कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीजची गणितं, क्वांटम नंबर, अऱ्हेनियसची गणितं याकडे जातो. यातलं काहीही एपीच्या परीक्षेत विचारत नाहीत. उलट फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रमचा आलेख वाचून मूलद्रव्य ओळखणं, किंवा भांड्यात नेमके कुठले कण कसे असतील ते गोल काढून दाखवणं, हे हमखास असतं आणि ते आपण विद्यार्थी असताना फारसं केलेलंच नसतं. प्रिंटवर लाल पेनाने दोन खुणा करत जा: 'हे मी सवयीने शिकवेन पण लागत नाही' आणि 'हे लागतं पण मी कधी शिकवलं नाही'. दुसरी यादी वर्कशॉपला घेऊन जायची.

दुसरं काम, एक पूर्ण फ्री रिस्पॉन्स पेपर, म्हणजे परीक्षेचा लेखी उत्तरांचा भाग, स्वतः सोडवा. घड्याळ लावून, १०५ मिनिटं, मध्ये फोन नाही. सात प्रश्न असतात, तीन मोठे १० गुणांचे आणि चार छोटे ४ गुणांचे, म्हणजे ४६ गुण. गुणाला साधारण २.३ मिनिटं पडतात, म्हणजे मोठ्या प्रश्नाला २३ आणि छोट्याला ९. हे गणित मुलांना सांगणं सोपं आहे, पण स्वतः बसल्याशिवाय कळत नाही की ९ मिनिटांत समजावून लिहिणं किती घाईचं आहे. परीक्षेचा उरलेला भाग ६० बहुपर्यायी प्रश्नांचा, ९० मिनिटं, दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन. २०२३ पासून दोन्ही भागांत कॅल्क्युलेटर चालतो. २०२५ पासून बहुपर्यायी भाग ब्लूबुक या कॉलेज बोर्डाच्या परीक्षेच्या ॲपमध्ये असतो आणि लेखी उत्तरं मात्र कागदावर, तर जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका.

तिसरं, सोडवलेला पेपर अधिकृत स्कोअरिंग गाइडलाइननुसार स्वतः तपासा. निर्दयपणे. इथे बऱ्याच एमएस्सीवाल्यांना धक्का बसतो, कारण उत्तर बरोबर असतं आणि गुण मिळत नाही, कारण 'का' लिहिलेलं नसतं किंवा अर्धंच लिहिलेलं असतं.

चौथं, त्याच वर्षाचा चीफ रीडरचा (मुख्य परीक्षकाचा) रिपोर्ट वाचा. मुलं कुठे चुकली आणि शिक्षकांनी काय करावं हे त्यात प्रश्नागणिक असतं. फुकट मिळतो आणि फार कमी लोक वाचतात.

पाचवं, स्वतःच्या शाळेची दोन कागदं तयार करा. एक शाळेचं कॅलेंडर, सुट्ट्या, स्टेट टेस्टचे दिवस, पेप रॅली वगैरे सगळं खोडून. दुसरं लॅबच्या कपाटाची यादी: ब्युरेट किती आणि किती गळतात, कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे का, पीएच प्रोब चालू आहेत का, फ्यूम हूड खरंच ओढतो का, तराजू दशांशाच्या कितव्या स्थानापर्यंत दाखवतो.

तपासा: बॅगेत लाल खुणांची प्रिंट, तपासलेला स्वतःचा पेपर, खोडलेलं कॅलेंडर, कपाटाची यादी. शिवाय बंद बूट आणि स्वतःचा गॉगल, कारण सँडल घातलेल्यांना लॅबमध्ये घेत नाहीत आणि मग एक अख्खी दुपार बघत बसावं लागतं.

३. चार दिवस तिथे काय करायचं

इथे कन्सल्टंटला सरळ नावाने हाक मारतात. आपल्याला सुरुवातीला जीभ वळत नाही, आपण 'सर'च्या संकोचात मागे बसतो आणि प्रश्न ब्रेकमध्ये विचारू म्हणतो, ब्रेकमध्ये कॉफीच्या रांगेत तो राहूनच जातो. पुढे बसा आणि पहिल्याच सकाळी लाल यादी दाखवा. बरेच कन्सल्टंट पहिल्या दिवशी लोकांच्या गरजा विचारून वेळ फिरवतात, आणि जो आधी बोलतो त्याचं काम होतं.

पेपर तपासण्याचं सत्र हे चारही दिवसांचं खरं सोनं. तिथे मुलांची खरी उत्तरं वाटतात आणि सगळे मिळून गुण देतात. लोक काय करतात, शेजारच्याचं बघून गुण ठरवतात. तसं करू नका. आधी एकट्याने गुण लिहा, का दिला ते एका ओळीत लिहा, मग चर्चेत उतरा. तुमचा गुण आणि अधिकृत गुण जिथे वेगळा आला तिथेच शिकायचं असतं, बाकी ठिकाणी नुसतं समाधान.

काय वेगळं निघतं त्याची दोन उदाहरणं देते. प्रश्न: कॅल्शियम ऑक्साइडची लॅटिस एनर्जी सोडियम क्लोराइडपेक्षा जास्त का? आपल्या सवयीचं उत्तर, 'कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्टेट पूर्ण होऊन स्थिर होतो'. शून्य. लिहायचं असतं कूलॉम्बच्या नियमाने: इथे आयनांवर दोन-दोन चार्ज आहेत, तिथे एक-एक, म्हणून आकर्षण जास्त, शिवाय ऑक्साइड आयन क्लोराइडपेक्षा लहान म्हणून अंतर कमी. दोन्ही पदार्थांची तुलना उत्तरात दिसली पाहिजे, एकाबद्दलच लिहिलं तर गुण जातो.

दुसरं: नायट्रोजन डायऑक्साइड आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा समतोल, भांड्याचं आकारमान निम्मं केलं, काय होईल? 'ल शातेलिएप्रमाणे सिस्टिम ताण कमी करते' हे वाक्य आपण लहानपणापासून पाठ केलंय, पण नुसतं तेवढं इथे पुरत नाही. दोन्हींची संहती दुप्पट झाली, क्यू मध्ये (त्या क्षणीचं संहतींचं गुणोत्तर; समतोलाला येतं ते के) डायऑक्साइडच्या संहतीचा वर्ग वर आहे आणि टेट्रॉक्साइड खाली, म्हणून क्यू के च्या दुप्पट झाला, क्यू जास्त म्हणून अभिक्रिया टेट्रॉक्साइडकडे जाणार. असं क्यू आणि के ची तुलना करून लिहायला मुलांना पहिल्या दिवसापासून लावायचं, मार्चमध्ये सवय मोडता येत नाही.

तसंच 'लाइक डिझॉल्व्ह्ज लाइक' एवढ्यावर गुण मिळत नाही, कुठल्या कणात आणि कुठल्या कणात कुठलं आकर्षण ते लिहावं लागतं. पाणी उकळताना रेणूंमधले हायड्रोजन बंध सुटतात, रेणूच्या आतले ओ-एच बंध तुटत नाहीत, हा गोंधळ तर इतका सार्वत्रिक आहे की तपासून तपासून डोळे दुखतात.

लॅबच्या दिवशी विद्यार्थी म्हणून करा. म्हणजे शिक्षक म्हणून टेबलाभोवती फिरत फोटो काढायचे नाहीत, स्वतः मोजायचं, स्वतः सांडायचं, स्वतः रिपोर्ट लिहायचा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि तुमच्या मुलांसाठी ते दुप्पट धरा. शेजारी बसलेल्या शिक्षकाला त्याच्या शाळेचा पिरियड किती मिनिटांचा ते विचारा, तुमच्याएवढाच असेल तर त्याचा ईमेल घ्या, हा माणूस वर्षभर लागणार आहे.

सावधान: फाइली गोळा करू नका. रोज संध्याकाळी तीनच फाइली निवडा ज्या तुम्ही पहिल्या दोन महिन्यांत खरंच वापरणार, आणि त्यांना स्वतःच्या पद्धतीने नावं द्या. बाकीचा फोल्डर असू दे पडून.

४. वेळापत्रक उलटं मांडा

हे शक्यतो तिसऱ्या दिवशी तिथेच बसून करा, कन्सल्टंट समोर असताना.

परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सगळ्यांना एकाच सुमारास. पण टेक्सास, जॉर्जियासारख्या ठिकाणी शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते आणि न्यूयॉर्कला लेबर डेच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा फरक. त्यामुळे दक्षिणेतल्या शिक्षकाचं कॅलेंडर उत्तरेतल्याने उचललं की एप्रिलमध्ये दोन युनिट उरतातच उरतात.

शेवटून सुरुवात करा. परीक्षेआधीचे तीन आठवडे उजळणीला आखून टाका, त्यांना हात लावायचा नाही. मग उरलेले पिरियड नऊ युनिटमध्ये वाटा, पण समान नाही. तिसरं युनिट, आंतररेण्वीय बलं, वायू, द्रावणं, स्पेक्ट्रोस्कोपी वगैरे, परीक्षेत १८ ते २२ टक्के. आठवं, ॲसिड-बेस, ११ ते १५ टक्के. बाकी सगळी ७ ते ९ टक्के प्रत्येकी. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या युनिटवर पाच-सहा आठवडे घालवणं, कारण ते आपल्याला आवडतं आणि मुलांनाही सोपं वाटतं. पहिलं आणि दुसरं लवकर उरका. मुलांनी आधी एक वर्ष केमिस्ट्री केलेली असली तर सिग्निफिकंट फिगर्स, नेमिंग, मोल हे उन्हाळ्याच्या गृहपाठात द्या आणि पहिल्या आठवड्यात चाचणी घ्या, शिकवत बसू नका.

तपासा: बर्फाच्या सुट्टीसाठी किंवा वादळासाठी मोकळे दिवस ठेवलेत का? ॲसिड-बेस मार्चअखेर संपतंय का? नसेल तर पहिल्या चार युनिटमधून दिवस कापा, शेवटच्या दोनमधून नाही.

५. लॅबची यादी, आणि ती कुठे बसवायची

नियम असा: शिकवण्याच्या वेळेपैकी किमान २५ टक्के हातानी करायच्या लॅबला, किमान १६ लॅब, त्यातल्या किमान ६ गाइडेड इन्क्वायरी प्रकारच्या, म्हणजे ज्यात पद्धत मुलांनी ठरवायची. आठवड्याला ५० मिनिटांचे पाच पिरियड असतील तर २५० मिनिटांचा चौथा भाग साडेबासष्ट, म्हणजे एका पिरियडपेक्षा थोडं जास्तच. आठवड्याला एक लॅब धरली की सुटतं असं लोक समजतात, सुटत नाही, अधूनमधून दोन पिरियडची लागतेच.

आधी प्रत्येक लॅब कुठल्या युनिटला लागते ते लिहा, मग तिला लागणारं सामान तुमच्या कपाटाच्या यादीशी जुळवा, आणि मगच ऑर्डर द्या. उलटं केलं की सुंदर किट येऊन पडतं आणि ते चालवायला कलरीमीटर नसतो. नव्या माणसाने धरून चालावं अशा काही:

अन्नरंग किंवा कॉपर सल्फेटचा बीअर्स लॉ (रंगाच्या गडदपणावरून संहती काढणं), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे कलरीमीटरची भीती लवकर जाते. दुकानातल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन, इंडिकेटर लागत नाही, फिका गुलाबी रंग टिकला की थांबा. जुनी उघडी बाटली मुद्दाम एका गटाला द्या, ३ टक्के येणार नाही आणि मुलं कारण शोधायला लागतात. क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं कायनेटिक्स, हायड्रॉक्साइड भरपूर जास्त घ्यायचं म्हणजे फक्त रंगाची ऑर्डर दिसते. त्याचं शोषण ५९० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त, शाळेच्या साध्या कलरीमीटरवर ५९० नसतं, ५६५ वर चालतं. ग्लोव्ह्ज घाला नाहीतर बोटं आठवडाभर जांभळी. हँड वॉर्मर बनवायची कॅलरीमेट्री इन्क्वायरीसाठी फार छान, फक्त वस्तुमानात नुसतं पाणी न धरता पाणी अधिक क्षार धरायला आधीच सांगा. मग फळांच्या रसातल्या ॲसिडचं टायट्रेशन आणि वसंतात बफर बनवणं.

प्रत्येक लॅब मुलांच्या आधी स्वतः करून बघा, त्याच बाटलीतल्या द्रावणाने. नवीन शिक्षकाची लॅब फसते ती बहुतेक वेळा संहती चुकल्यामुळे, संकल्पनेमुळे नाही.

सावधान: मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाळा दाखवायचं 'रेनबो' प्रात्यक्षिक करू नका. त्यात मुलं गंभीर भाजलेली आहेत, आणि अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्ये ते बंद करायला सांगितलं. ज्वालेचे रंग दाखवायचेच असतील तर क्षाराच्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरा. आणि सिल्व्हर नायट्रेट किंवा कोबाल्ट क्लोराइड वापरून झाल्यावर सिंकमध्ये नाही, डिस्ट्रिक्टच्या नियमाप्रमाणे वेगळ्या बाटलीत, लेबल लावून.

६. परत आल्यावरचे दहा दिवस

थकून आलेलं माणूस म्हणतं आता ऑगस्टमध्ये बघू. नको. डोक्यात ताजं आहे तोवर हे चार उरका.

कोर्स ऑडिट, म्हणजे कोर्सला 'एपी' नाव लावायची कॉलेज बोर्डाची मान्यता. तुम्ही या शाळेत एपी केमिस्ट्रीला नवीन असाल तर सिलॅबस लागतो. स्वतःचा लिहू शकता किंवा कॉलेज बोर्डाचा तयार नमुना स्वीकारू शकता. पहिल्या वर्षी नमुना घ्या, लाज वाटायचं कारण नाही. फॉर्मला शाळेच्या ॲडमिनिस्ट्रेटरची मान्यता लागते, आणि ते जुलैमध्ये सुट्टीवर असतात, म्हणून कोण सही करणार ते जूनमध्येच विचारून ठेवा.

एपी क्लासरूम, म्हणजे कॉलेज बोर्डाची वर्गासाठीची साइट. सेक्शन उघडा, जॉइन कोड जपून ठेवा. पहिल्या युनिटचा प्रोग्रेस चेक स्वतः सोडवा. एक कायम लक्षात ठेवा, जुने फ्री रिस्पॉन्स पेपर जाहीर आहेत, ते वर्गात खुशाल वापरा, पण एपी क्लासरूममधले सुरक्षित सराव पेपर स्वतःच्या वेबसाइटवर किंवा उघड्या ड्राइव्हवर टाकायचे नाहीत.

पहिल्या तीन आठवड्यांची रोजची आखणी. रोजची म्हणजे रोजची: कुठला टॉपिक, कुठला गृहपाठ, कुठल्या दिवशी लॅब. 'युनिट १' असं लिहून सोडलं की आखणी झाली असं फक्त वाटतं.

पालकांना पत्र. एपीत पहिल्या चाचणीला सगळ्यांचे गुण कोसळतात, आणि आपल्या देशी पालकांचा तर रात्री दहाला ईमेल येतो. चाचण्या एपीच्या पद्धतीने का तपासल्या जातील आणि ग्रेडमध्ये त्याचं रूपांतर कसं होईल हे शाळा सुरू व्हायच्या आधी लेखी जाऊ द्या, आणि जे लिहाल ते आधी डिपार्टमेंट हेडला दाखवा.

७. सप्टेंबरअखेरची तपासणी

इन्स्टिट्यूटमध्ये भेटलेल्या त्या सारख्या पिरियडवाल्या शिक्षकाला गाठा. दोघांनी एकच छोटा फ्री रिस्पॉन्स प्रश्न आपापल्या वर्गाला द्या, पाच-पाच उत्तरांची नावं झाकून अदलाबदल करा आणि एकमेकांची तपासा. चार गुणांच्या प्रश्नात दोघांमध्ये एकापेक्षा जास्त गुणाचा फरक येत असेल तर दोघांपैकी कोणीतरी दया करतंय. स्कोअरिंग गाइडलाइन उघडून ओळीने वाचा, आणि पुढची चाचणी तपासायच्या आधी तो फरक मिटवा. उत्तरं ढोबळ येत असतील, म्हणजे तुलना एकाच बाजूची, कणांचं नाव नाही, क्यू आणि के नाही, तर पुढचे दोन आठवडे रोज पिरियडची पहिली पाच मिनिटं एकच 'का' विचारा आणि एकाच मुलाचं उत्तर फळ्यावर घेऊन सगळ्यांसमोर गुण द्या. नाव पुसून.